पाठमोरी वाक्यं

टीव्हीवरची बाई कॅमेऱ्याकडं पाठ करून उभी राहिली की मला हायसं वाटायचं. वीस-बावीस वर्षं मी चिनी मालिकांचे हिंदी संवाद लिहिले, आणि आमच्या धंद्यात पाठमोरं माणूस म्हणजे सुट्टीचा दिवस. ओठ दिसत नाहीत, त्यामुळं त्याच्या तोंडी काहीही घालता येतं.

संपादकांनी माझ्याकडं मागितला होता तो लेख वेगळा. चिनी मालिकांमधून तिथला समाज कसा बदलत गेला, बाई-पुरुषांचं नातं कसं पालटलं, असं काही तरी माहितीपूर्ण. 'तुमच्याइतकं या मालिका पाहिलेलं माणूस विदर्भात दुसरं नाही,' असं म्हणून त्यांनी मला हरभऱ्याच्या झाडावर चढवलं. ती माहिती मी देतोच. पण ती देताना एका मुलीचं सांगावं लागणार आहे, आणि ते सांगितल्याशिवाय बाकीचं सांगणं म्हणजे पुन्हा तेच पाठमोरं वाक्य लिहिण्यासारखं होईल.

आधी धंदा समजावून सांगतो. चिनी माणसाचं वाक्य आखूड असतं. चार अक्षरांत तो संसार मोडून मोकळा होतो. आपली हिंदी ऐसपैस. तिकडची बाई जेवढा वेळ तोंड उघडते तेवढ्यातच आपलं वाक्य संपलं पाहिजे, आणि तिचे ओठ मिटतात तिथं आपल्याकडं प, ब किंवा म आला पाहिजे. नाही तर बाई गप्प झाल्यावरही आवाज येत राहतो आणि प्रेक्षक हसतो. त्यासाठी आवाज बंद करून चित्र लावायचं, लिहिलेलं वाक्य मोठ्यानं म्हणायचं आणि दुसऱ्या कुणी तरी ओठांकडं लक्ष ठेवायचं. वर्ध्याला लागून असलेल्या बोरगाव मेघेतल्या आमच्या घरी दुपारभर हे चालायचं. नवीन आलेल्या शेजाऱ्यांना वाटायचं, सर घरात एकटेच भांडतात.

मला चिनी येतं कसं, हे सगळेच विचारतात. एम. ए. हिंदी झाल्यावर बेकार होतो. बीजिंगमध्ये एका हिंदी मासिकाची भाषा तपासायला माणूस हवा होता. चार वर्षं तिथं राहिलो, खानावळीत आणि शेजाऱ्यांच्या टीव्हीसमोर भाषा शिकलो. परत येऊन वर्ध्याच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात हिंदी शिकवली. मुंबईच्या एका कंपनीला चिनी जाणणारा हिंदीवाला हवा झाला तेव्हा माझ्या त्या चार वर्षांना किंमत आली.

त्या काळी मी तिथं पाहिलेल्या मालिकांमधली बाई सोशिक होती. सासूचं करायची, दिराला शिकवायची, नवऱ्यानं टाकलं तरी त्याच्या आईला औषध पाजायची. तिच्यासाठी अख्खी वस्ती रडायची. मग शहरं वाढली, लोकांनी फ्लॅट घेतले, आणि मालिकांमध्ये भांडण आलं ते घराच्या कागदावर सुनेचं नाव घालायचं की नाही याचं. पुढं तिशी उलटलेली, चांगल्या पगाराची, लग्न न झालेली मुलगी नायिका झाली. तिची आई स्थळ शोधायला बागेत जाऊन झाडाला पोरीची माहिती टांगते आणि पोरगी ती फाडून टाकते. आणि अलीकडं आल्या त्या घर सोडणाऱ्या बायका. तिकडं आता दोघांनी मिळून घटस्फोटाचा अर्ज दिला की महिनाभर थांबायला लावतात. राग निवळतो का बघा म्हणून. त्या एका महिन्यावर मी तीन मालिका लिहिल्या आहेत. एका माणसाच्या आयुष्यात एका देशातली बाई रडायची थांबून बोलायला लागली, आणि ते मी डोळ्यांनी पाहिलं. याचा मला अभिमान होता. मात्र तिचं बोलणं इकडं आणताना मी ते किती वेळा गिळून टाकलं, याचा हिशोब मी कधी केला नव्हता.

कारण कंपनीच्या सूचना यायच्या. मुंबईला एक मॅडम होत्या, हुशार आणि स्वभावानं गोड. तिकडं लग्नात मुलाकडचे मुलीकडच्यांना पैसे देतात. मॅडमनी सांगितलं, हे आपल्या लोकांना उलटं वाटेल, नुसतं 'शादी की बात' करा. तिकडची बायको चिडली की नवऱ्याला नावाआडनावासकट हाक मारते. मॅडम म्हणाल्या, 'सुनिए' करा. मी करायचो. ओठ दिसत असले तर कसरत व्हायची, पाठमोरी असली तर काहीच नाही. पाठमोऱ्या वाक्यांत माझा हात धरणारा कुणी नाही, असं मॅडम बाकीच्या लेखकांना सांगायच्या. मला गुदगुल्या व्हायच्या.

तीन वर्षांपूर्वी, कापूस वेचणीच्या दिवसांत, माझी भाची अश्विनी आमच्याकडं आली. माझ्या थोरल्या बहिणीची, आर्वीच्या ताईची मुलगी. तिचं सासर आर्वीपासून जवळच्या एका गावात. नवरा प्रशांत खाजगी शाळेत शिक्षक. दोघंही बी. एड. एकाच कॉलेजातून, अश्विनीला मार्क जास्त. लग्नाआधी ठरलं होतं की ती नोकरी करेल. लग्नानंतर तिची सगळी कागदपत्रं, मार्कशीट, पदवी, बी. एड.चं सर्टिफिकेट, 'सांभाळून ठेवतो' म्हणून सासऱ्यांनी आपल्या लोखंडी कपाटात ठेवली आणि किल्ली करगोट्याला बांधली. नोकरीचा विषय निघाला की प्रशांतचा हात उठायचा. ती आली तेव्हा तिच्या दंडावर चार बोटं उमटलेली होती. माझी बायको कुंदा जिल्हा परिषदेत कारकून होती, तिनं आयुष्यभर माणसं पाहिली आहेत. तिनं काही विचारलं नाही, हळद गरम करायला ठेवली.

ताईनं तिला आर्वीला ठेवून घेतलं नाही. गाव लहान, लोक बोलतील, मामाकडं राहू दे थोडे दिवस, असं तिचं म्हणणं. आमच्याकडं मामा म्हणजे लग्नात पोरीच्या पाठीशी उभा राहणारा माणूस. अश्विनीच्या लग्नात मी तसा उभा होतो, फेटा बांधून.

घरी बसून करणार काय, म्हणून मी तिला माझ्याजवळ बसवलं. आधी ती नुसती ओठ बघायची. मग मी पुरुषांची वाक्यं म्हणायला लागलो आणि बायकांची ती. मला एवढी वर्षं वाटायचं, मी बायकांचे संवाद छान लिहितो. तिच्या तोंडून ऐकले तेव्हा कळलं की त्यातली निम्मी वाक्यं कुठली बाई बोलत नाही. ती सुचवायची, मी बदलायचो. कोरडी पडलेली पोरगी महिनाभरात हसायला लागली. नवऱ्याला नावानं हाक मारायचा प्रसंग आला तेव्हा तिनं मला थांबवलंच.

"आडनावासकट? अन् तो ओ देते?"

"देतो की. घाबरतोही."

ते ऐकून ती इतकी हसली की कुंदा स्वयंपाकघरातून बघायला आली.

त्या वेळी आमच्या हातात जी मालिका होती ती अशाच एका घर सोडणाऱ्या बाईची. नवरा मारतो. ती बहिणीकडं राहायला जाते, अर्ज देते, महिना मोजते. अश्विनी तिच्यात गुंतली. आवाज बंदच असायचा, त्यामुळं त्या बाईचं खरं बोलणं तिनं कधी ऐकलं नव्हतं. तिच्यासाठी मी लिहायचो तेच त्या बाईचं बोलणं. भाग संपला की विचारायची, उद्या काय होते? मी सांगायचो नाही. आधीच कळलं तर वाचताना आवाजात उतरतं, असं माझं शास्त्र होतं. मी स्वतः मात्र शेवटपर्यंत पाहून ठेवलेलं होतं.

आता तो शेवट सांगतो, कारण सगळं त्यावर आहे. महिना संपल्यावर ती बाई कचेरीत जाते. नवरा येतच नाही. दोघं हजर नसले तर कागद होत नाही. मग ती नवऱ्याच्या घरी जाते. दारात उभी, आपल्याकडं पाठ. आतून नवरा बघतोय. ती एक वाक्य बोलते आणि आत जाते. दार बंद होतं. मूळ मालिकेत तिचं वाक्य असं आहे, की मी परत आलेली नाही, माझी कागदपत्रं न्यायला आले आहे. पुढच्या चित्रात तिचा भाऊ जिन्यात उभा दिसतो, बहीण खाली येईपर्यंत थांबलेला. ती पिशवी घेऊन खाली येते. नंतर आणखी दोन भाग आहेत, कोर्टाचे.

मॅडमचा फोन आला. वरच्या लोकांनी ठरवलं आहे, एवढं कडू नको, घर जुळलेलं दाखवायचं. शेवटचे दोन भाग नाहीत, भावाचं चित्र नाही, दार बंद झालं की मालिका संपली. 'सर, ती पाठमोरीच आहे. तुमच्यासाठी काय अवघड?'

अवघड काहीच नव्हतं. मी दहा मिनिटांत लिहिलं, 'अब ग़ुस्सा छोड़ भी दो. मैं घर लौट आई हूँ.' चित्र तेच, पावलं तीच, दार तेच. फक्त घर सोडून निघालेली बाई घरी परतली. बसवणी इतकी चपखल होती की माझाच मला हेवा वाटला. आणि मी ते वाक्य अश्विनीला वाचायला दिलं.

तिनं वाचलं. वेळेत बसलं. तिनं पुन्हा वाचलं, या वेळी जरा हळू.

"म्हणजे ती जाते वापस?" तिनं विचारलं.

मी 'हो' म्हणून मान हलवली. आमच्या करारात बाहेरच्याला मूळ गोष्ट सांगायची नाही असं कलम असतं, आणि ते मी नंतर बरेच दिवस स्वतःला सांगत राहिलो. पण कलम माझ्या डोक्यातही नव्हतं. मला फक्त काम हातावेगळं करायचं होतं.

त्यानंतर दहा-बारा दिवसांनी बैठक झाली. प्रशांत, त्याचे वडील आणि गावातले दोन वडीलधारे आमच्या पुढच्या खोलीत येऊन बसले. आर्वीहून ताईही आली. सासरे अतिशय अदबीनं बोलत होते. चूक झाली पोराची, तरुण रक्त आहे, तुम्ही शिकले-सवरले माणसं, तुम्हीच समजवा. प्रशांत मान खाली घालून चहात बिस्कीट बुडवत होता. महिनाभर येऊन राहू द्या, नाही पटलं तर परत आणून सोडतो, असं शेवटी ठरलं. कुंदा एकटीच विरोधात होती. तिनं विचारलं, आधी कागद आणून द्या तिचे, मग बघू. सासरे म्हणाले, घरचीच कागदं आहेत, जातात कुठं? सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी म्हणालो, अश्विनीला विचारा.

हे ऐकायला फार पुढारलेलं वाटतं. मलाही तेव्हा तसंच वाटलं होतं.

अश्विनी म्हणाली, जाईन.

आतल्या खोलीत ती बॅग भरत होती आणि कुंदा तिला अडवत होती. मी संगणकापाशी होतो, मधे फक्त पडदा. अश्विनी सांगत होती ते मला स्वच्छ ऐकू आलं.

"मामी, त्या बाईचं पाहा ना. इतकी शिकेल, नोकरीवाली, तिकडची. अर्ज देल्ला, महिना मोजला. तेही गेलीच ना घरी शेवटी. मी कोन लागून गेली मंग?"

मला उठता आलं असतं. पडदा सारून सांगता आलं असतं की ती गेली नाही, ते वाक्य मी लिहिलंय. चार पावलांचं अंतर. मी उठलो नाही. बैठक शांतपणे आटोपली होती, भांडण न होता माणसं उठून बाहेर गाडीपाशी गेली होती, ताईच्या डोळ्यांतली भीती जरा कमी झाली होती. खरं सांगायचं तर मला सुटल्यासारखं वाटलं. बॅग उचलायला मात्र मी पुढं झालो. गाडी वळणावरून दिसेनाशी झाल्यावर कुंदा आत आली आणि तिनं मला एवढंच म्हटलं, "पोरगी गेली अन् तुमी अजून वाक्यं बसवून राह्यले."

मालिका मोबाइलवर आली, चांगली चालली. लोकांनी शेवटाचं कौतुक केलं. मॅडमनी मला मिठाईचा डबा पाठवला.

आठ महिन्यांनी अश्विनी आर्वीच्या बसनं वर्ध्याला उतरली आणि ऑटो करून एकटीच आली. हातात पिशवी नव्हती. मी दारातून काही तरी बोललो, ते तिला कळलं नाही. तिनं मान वळवून उजवा कान पुढं केला. डावा कान गेला होता. सरकारी शिक्षकभरतीचा अर्ज भरायचा म्हणून तिनं कागद मागितले तेव्हा प्रशांतनं कानाखाली दिलेली. पडदा फाटला, पू झाला, दवाखान्यात नेलं नाही. दुसऱ्या दिवशी त्यानं कपाट उघडून सगळे कागद अंगणात आणले आणि आंघोळीचं पाणी तापवायच्या चुलीत एकेक करून घातले. सासरे शेजारी खाटेवर बसून होते. वर्ध्याच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, फार उशीर झाला, या कानाला आता ऐकू येणार नाही.

केस चालू आहे. तारखा पडतात. ताई येते, रडते आणि जाते. जळालेल्या कागदांची दुसरी प्रत मिळवायला पोलिसांत तक्रार, प्रतिज्ञापत्र, विद्यापीठात अर्ज, असे सगळे सोपस्कार लागतात. भरती तोवर होऊन गेली. अश्विनी ते अर्ज माझ्या संगणकावर भरते. मी काम कमी केलं होतं, तरी दुपारी आम्ही पुन्हा पूर्वीसारखे शेजारी बसायला लागलो. ती माझ्या डाव्या बाजूला बसायची, म्हणजे तिचा चांगला कान माझ्याकडं यायचा.

गेल्या उन्हाळ्यात एका दुपारी फाइल शोधताना तिला त्या मालिकेचे मूळ भाग सापडले. काम झालं की ते पुसून टाकायचे असा नियम असतो. मी पुसले नव्हते. का, ते मलाही सांगता येणार नाही. आम्ही जिथं मालिका संपवली होती तो भाग तिनं लावला, या वेळी आवाजासकट. त्या बाईचा खरा आवाज तिनं पहिल्यांदा ऐकला. थकलेला, जाडसर, आमच्या मुंबईच्या डबिंगमधल्या आवाजासारखा गोड नाही. दारातला प्रसंग आला. बाई बोलली, आत गेली, दार बंद झालं. आणि चित्र थांबलं नाही. जिना आला. भाऊ आला. पिशवी घेऊन उतरणारी ती आली.

अश्विनीनं चित्र थांबवलं.

"हे पुढं अजून आहे?"

"दोन भाग आहेत."

"हा कोन आहे जिन्यात?"

"तिचा भाऊ."

तिनं चित्र मागं नेलं. पाठमोरी बाई पुन्हा दारात उभी राहिली. तिनं विचारलं, ती खरं काय म्हणते ते सांगा. एवढ्या वर्षांत मी चिनी वाक्य हिंदीत नेलं, कधी माझ्या बोलीत आणलं नव्हतं. ते पहिलंच.

"मी वापस नाई आली. माह्ये कागद न्याले आली."

ते म्हणायला जेवढा वेळ लागला तेवढ्यातच ती बाई गप्प झाली. अगदी बरोबर बसलं. माझं लक्ष त्याकडं गेलं, याची मला आजही लाज वाटते.

अश्विनीनं चित्र पुन्हा थांबवलं. मला वाटलं, रडेल. रडली असती तर मी तिच्या डोक्यावर हात ठेवला असता, आणि मलाच बरं वाटलं असतं.

"मामाजी, हे तुमाले तवाच माहीत होतं?"

"हो."

"मी बॅग भरत होती तवा?"

"हो."

"मंग मीही कागद न्यालेच गेली असती ना. तुमाले फक्त दारात उभं राहा लागत होतं."

उरलेले दोन्ही भाग तिनं पाहिले. मी भाषांतर करायला लागलो तेव्हा हातानंच थांबवलं.

मी ते काम सोडलं. मॅडमचा एकदा फोन आला, कारण विचारलं, मी डोळ्यांचं सांगितलं. संपादकांना हा लेख चालेल की नाही, ठाऊक नाही. चिनी समाज कसा बदलला हे त्यांना हवं होतं, ते मला जेवढं दिसलं तेवढं वर लिहिलंच आहे.

अश्विनी अजून आमच्याकडंच असते. दुपारी अर्ज भरायला शेजारी येऊन बसते, काही विचारायचं असलं तर कुंदाला विचारते. फक्त त्या दिवसापासून तिनं खुर्चीची बाजू बदलली आहे. आता ती माझ्या उजवीकडं बसते. मी बोलतो ते डाव्या कानावर पडतं.